चेंबर रुंद केलं की काम झालं?

प्रश्न : घरी परवान्याची .२२ लाँग रायफल आहे. .२२ मॅग्नमच्या गोळीचा व्यास जवळपास तोच. मग कारागिराकडून चेंबर रुंद करून घेतलं तर चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, कृपया करू नका. गोळीचा व्यास जुळतो, काडतूस जुळत नाही. लाँग रायफलमध्ये गोळी आणि पितळी केस बाहेरून सारख्याच जाडीच्या असतात. मॅग्नमची केस गोळीभोवती बसते, म्हणून ती जाडही आणि लांबही. बोल्टवर मागे येणारा धक्का त्यामुळे वाढतो आणि तुमची रायफल त्यासाठी घडवलेली नाही. रुंद चेंबरमध्ये चुकून लाँग रायफलचं काडतूस उडवलं तर केस फाटून तापलेला वायू थेट डोळ्यांकडे येऊ शकतो.

सीझेड ४५५ सारख्या काही रायफलींची बॅरल बदलता येते, पण ती सोय कारखान्यातूनच आलेली असते.

शिवाय परवान्याविना शस्त्राचा प्रकार बदलण्यास मनाई करणारं शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ६ आहेच. काहीही ठरवण्याआधी परवाना अधिकाऱ्यांना लेखी विचारा. मॅग्नमच हवी असेल तर परवान्यावर वेगळी रायफल घेणं हाच सरळ मार्ग.

नेमबाजीसाठी मात्र बदलाची गरजच नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं, तेही .२२ लाँग रायफलवरच.