स्टिअरिंगचं फिकं चामडं: आधी स्वच्छता, मग रंग



ज्या गटांनी गाड्या धुण्याचं काम धरलंय, किंवा ज्या ताई सीट कव्हर शिवतात, त्यांना गिऱ्हाईक हमखास विचारतं, "स्टिअरिंगचा रंग पार उडालाय, काही होईल का?" होतं. त्याला मोठं मशीन लागत नाही, फक्त हात सावकाश चालवावा लागतो. पण एक गोष्ट पहिल्यापासून लक्षात ठेवू या. सीटवरचं काम बिघडलं तर गिऱ्हाईक नाराज होतं. स्टिअरिंग वळणावर हातातून निसटलं तर गाडीतल्या सगळ्यांच्या जिवावर बेतेल. म्हणून या कामात चकाकीपेक्षा पकड महत्त्वाची.

१. चामडंच आहे का, ते बघा

स्टिअरिंगवर कव्हर असेल तर काढून बघा. बऱ्याच साध्या गाड्यांचं स्टिअरिंग रबरासारख्या प्लास्टिकचं असतं, त्याला शिवण नसते. चामड्याच्या स्टिअरिंगला आतल्या कडेने धाग्याची शिवण दिसते. मात्र रेक्झिनही शिवून बसवतात, म्हणून झिजलेली जागा उजेडात नीट बघा. चामडं झिजलं की तिथे मऊ, लवेसारखे तंतू दिसतात. रेक्झिनचा पापुद्रा सुटतो आणि खाली विणलेलं कापड दिसतं. पापुद्रे सुटलेल्या रेक्झिनवर रंग टिकत नाही, ते काम घेऊ नका. चामडं फाटलं असेल किंवा तुकडे निघत असतील, तर गिऱ्हाईकाला कुशनचं काम करणाऱ्याकडे पाठवा. नाही म्हणायला लाजू नका, त्यानेच गटाचं नाव राहतं.

२. रंग का जातो?

स्टिअरिंगच्या चामड्यावर कारखान्यात रंगाचा थर देतात आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर. तळहाताचा घाम, तेलकटपणा, काचेतून येणारं ऊन आणि सॅनिटायझर यांनी आधी वरचा थर जातो, मग रंग. म्हणून जिथे हात जास्त टेकतो तिथेच डाग दिसतो.

दुसरी गोष्ट, नवं चामडं बहुधा चमकत नाही. जुन्या स्टिअरिंगवर दिसणारी चकाकी म्हणजे बऱ्याचदा साचलेला मळ. कित्येकदा नुसत्या स्वच्छतेनेच निम्मं काम होतं.

आता आपल्या घरातली एक सवय. कोल्हापुरी चपलेला आपण तेल लावतो. पूर्वी विहिरीवरच्या चामड्याच्या मोटेलाही लावत. ते बरोबरच होतं. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, वर रंगाचा जाड थर नसतो, म्हणून ते तेल पितं. (या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) गाडीचं चामडं मात्र बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं आणि वरून थर दिलेलं असतं. तिथे तेल वरच राहतं. हात निसटतो, धूळ चिकटते आणि पुढे रंगही धरत नाही. म्हणून खोबरेल, तूप, व्हॅसलीन काहीही लावायचं नाही.

३. सामान

सौम्य साबण किंवा चामड्याचा क्लीनर, मऊ ब्रश, तीन-चार सुती किंवा मायक्रोफायबर फडकी, मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, अगदी बारीक (१,००० नंबरचा) वॉटर पेपर, चिकटपट्टी, हातमोजे, स्पंजचे तुकडे, चामड्यासाठीचा पाण्यात मिसळणारा रंग आणि त्यावरचा मॅट संरक्षक थर. बारीक भेगा असतील तर चामड्याचं फिलर. रंग आणि संरक्षक थर एकाच कंपनीचे घ्या, म्हणजे एकमेकांना धरतात.

४. कामाची पद्धत

पहिली पायरी: गाडी सावलीत उभी करा, किल्ली काढून ठेवा, दारं उघडी ठेवा. कामाआधी फोटो काढा. आजूबाजूची बटणं आणि प्लास्टिक चिकटपट्टीने झाका.

दुसरी पायरी: साबणाचा फक्त फेस ब्रशवर घ्या आणि गोल गोल हलक्या हाताने फिरवा. पाणी ओतू नका, आत हॉर्नच्या आणि बटणांच्या वायरी असतात. दर वेळी ओल्या फडक्याने पुसा. फडकं स्वच्छ निघेपर्यंत हेच करत राहा. कपड्यांची पावडर किंवा सोडा वापरू नका. तो चामड्याला कडक पडतो.

तिसरी पायरी: पूर्ण वाळल्यावर बघा. रंग एकसारखा दिसत असेल तर इथेच थांबा. फक्त स्वच्छतेचे पैसे घ्या आणि रंग लागत नाही हे गिऱ्हाईकाला सांगा.

चौथी पायरी: रंग द्यायचाच असेल तर उरलेला तेलकटपणा अल्कोहोल लावलेल्या फडक्याने हलकेच पुसा. अल्कोहोल पेट घेतं, जवळ उदबत्ती, विडी, शेगडी नको. खरखरीत जागा वॉटर पेपरने हलक्या हाताने घासा, धूळ पुसा. भेगांत फिलर पातळ भरा, वाळू द्या, पुन्हा हलकं घासून पुसा.

पाचवी पायरी: रंग आधी खालच्या, न दिसणाऱ्या जागी लावून वाळू द्या. ओला आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो. मग स्पंजने अगदी पातळ हात मारा. एक थर वाळला की दुसरा. साधारण तीन ते पाच पातळ थरांत रंग भरतो. घाईत दिलेला एक जाड थर पुढे तडकतो. शिवणीच्या धाग्यावर रंग जाऊ देऊ नका.

सहावी पायरी: शेवटी मॅट संरक्षक थर, तोही पातळ. मग बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा. शक्यतो एक दिवस गाडी चालवू नये, हे गिऱ्हाईकाला काम घेतानाच सांगा.

५. गाडी देण्याआधी दोन तपासण्या

ओलं पांढरं फडकं पिळून स्टिअरिंगवर फिरवा, रंग लागता कामा नये. मग तळहात कोरडा आणि नंतर किंचित ओला करून घट्ट पकडून बघा. हात सरकत असेल तर गाडी देऊ नका. चुकूनही सिलिकॉनचं चकाकीचं पॉलिश किंवा बूटपॉलिश मारू नका. सिलिकॉनने हात निसटतो आणि बूटपॉलिश हाताला, कपड्यांना लागतं.

स्टिअरिंगच्या मधल्या भागात एअरबॅग असते. तो भाग उघडायचा नाही, रंगवायचा नाही, वर काही चिकटवायचं नाही. स्टिअरिंग खोलून काढायचंही नाही.

६. हिशोब

हे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतलेत. तुमच्या बाजारभावाने बदला. समजा सगळं सामान १,८०० रुपयांचं आलं आणि त्यात १२ स्टिअरिंग झाली, तर एकाचा सामानखर्च १५० रुपये. हाताचं काम ३ तास, तासाला ७० रुपये धरले तर मजुरी २१०. वीज, फडकी, फोन यांचे ४०. एकूण ४००. याच्या खाली काम घेतलं तर आपण आपल्याच मजुरीतून गिऱ्हाईकाला सूट देतोय. गटाचा नफा १०० धरला तर दर ५०० झाला. बऱ्याच ताई स्वतःची मजुरी धरतच नाहीत. ती वहीत लिहा, घरात बसून केलं तरी ते कामच आहे.

पहिलं काम गिऱ्हाईकाच्या गाडीवर करू नका. भंगारातून जुनं, एअरबॅग नसलेलं चामड्याचं स्टिअरिंग आणा आणि त्यावर हात बसवा.

७. शेवटचं, पण मनातलं

चामड्याचं काम म्हटलं की काही घरांत अजून नाकं मुरडली जातात. त्याच घरांत चामड्याची पर्स कौतुकाने मिरवतात. हे कसब ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलं, त्याला त्यासाठी मानाऐवजी अवहेलनाच मिळाली. गावात असे कारागीर असतील तर उसवलेली शिवण कशी ओवायची, कातडं हाताने कसं ओळखायचं, हे त्यांच्याकडून शिका. मात्र फुकट नाही. शिकवण्याचे पैसे ठरवून द्या आणि ते खर्चात दाखवा.

गटाच्या बैठकीत यावर बोला:
• आपल्या गावात आणि आठवडी बाजारात मिळून चामड्याचं स्टिअरिंग असलेल्या गाड्या किती दिसतात? (कर्ज काढण्याआधी मोजा.)
• आपल्यापैकी कोण धुणार, कोण रंगवणार, हिशोब कोण ठेवणार?
• कोणतं काम आपण घ्यायचं नाही, हे ठरलंय का?