सर्व्हरवर फोल्डरची वाट का चुकते?
(पीएचपी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ)



पाकिटावर फक्त नाव लिहून पत्र टपालात टाकले तर ते पोहोचत नाही. गाव, तालुका, जिल्हा लिहावाच लागतो. सर्व्हरवरील फोल्डरचेही तसेच आहे. नाव म्हणजे पत्ता नव्हे, हे ज्याला समजले त्याच्या निम्म्याहून अधिक चुका आपोआप सुटतात.

रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ साली सुरुवात केलेली पीएचपी ही भाषा आजही असंख्य संकेतस्थळे चालवते. तिच्यात नवशिक्याकडून हमखास होणारी एक चूक आपण उदाहरणाने पाहू.

१. लक्षण

समजा, 'प्रश्नपत्रिका' या फोल्डरमध्ये 'दहावी' व 'बारावी' असे दोन फोल्डर आहेत. 'दहावी'च्या आत 'गणित' व 'इतिहास' आहेत. यादी दाखवणारी स्क्रिप्ट 'प्रश्नपत्रिका'मध्येच ठेवली आहे. पहिले पान बरोबर दिसते. परंतु 'दहावी' उघडताच 'गणित' हा फोल्डर न दिसता साधी फाईल म्हणून दिसतो व उघडत नाही. फक्त एक टिंब व दोन टिंबे या दोनच नोंदी फोल्डर म्हणून ओळखल्या जातात.

२. कारण

फोल्डर वाचणारे 'रीडडिर' हे फंक्शन केवळ नाव देते, पूर्ण पत्ता देत नाही. ते नाव आपण तसेच 'इजडिर'ला विचारतो, की हा फोल्डर आहे काय? ते फंक्शन 'दहावी'त पाहत नाही. स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये उभी आहे तेथेच पाहते. तेथे 'गणित' नाही, म्हणून उत्तर नकारार्थी येते. एक टिंब म्हणजे 'हाच फोल्डर' व दोन टिंबे म्हणजे 'वरचा फोल्डर'. ते सर्वत्र असतात, म्हणून तेवढेच ओळखले जातात. पहिले पान बरोबर आले तो केवळ योगायोग होता.

३. उपाय

ज्या फोल्डरची यादी चालू आहे त्याचा पत्ता, मग तिरकी रेघ, मग नाव, असे जोडून तपासावे. मूळ पत्त्यासाठी दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेषा असलेला 'डिर' हा स्थिरांक वापरावा. तो २००९ साली पीएचपी ५.३ मध्ये आला आणि ज्या फाईलमध्ये लिहिला त्याच फाईलचे ठिकाण देतो. स्क्रिप्ट ब्राउझरमधून चालवली काय किंवा आज्ञा-ओळीवरून चालवली काय, त्याच्या उत्तरात फरक पडत नाही. फोल्डरच्या आतील सर्व फोल्डर ओळीने वाचायचे असतील, तर टिंबांच्या दोन्ही नोंदी वगळाव्यात. नाहीतर स्क्रिप्ट त्याच त्या जागी फिरत राहते.

४. तरीही न चालल्यास

अंदाज बांधू नये. तयार झालेला पत्ता छापून पाहावा व सर्व्हरची त्रुटी-नोंद वाचावी. 'नो सच फाईल' असे आले तर पत्ता चुकला आहे. लिनक्सवर लहान व मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानली जातात. म्हणून विंडोजच्या संगणकावर चाललेली स्क्रिप्ट तेथे अडते. 'परमिशन डिनाइड' असे आले तर परवानगी कमी आहे. यादी वाचण्यास वाचनाची, तर फोल्डरमध्ये शिरण्यास 'एक्झिक्यूट' परवानगी लागते, आणि ही दुसरी परवानगी वरच्या प्रत्येक फोल्डरवर असावी लागते. सर्वसाधारणपणे ७५५ पुरते. घाईने ७७७ देऊ नये, कारण त्यामुळे कोणालाही तेथे लिहिता येते.

५. सर्वांत गंभीर चूक

फोल्डरचे नाव ब्राउझरच्या पत्त्यातून येत असेल, तर त्यात कोणीही दोन टिंबे घालून वरच्या फोल्डरमध्ये चढू शकतो. शेजारीच शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, गुणपत्रिका ठेवल्या असतील तर? एखाद्या मुलीचा पत्ता व उत्पन्नाचा दाखला परक्याच्या हाती जाईल. हे भय काल्पनिक नाही. अपाचे या जगप्रसिद्ध सर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तीत याच जातीचा दोष ऑक्टोबर २०२१ मध्ये उघड झाला. २.४.५० मधील दुरुस्ती अपुरी ठरली व लगेच २.४.५१ काढावी लागली.

म्हणून आलेला पत्ता 'रिअलपाथ'मधून काढावा. ते फंक्शन टिंबे सोडवून खरा पत्ता देते, आणि जागा अस्तित्वात नसेल तर 'फॉल्स' देते. मिळालेला पत्ता एकतर मूळ फोल्डरचाच असावा, किंवा मूळ पत्ता व त्यापुढील तिरकी रेघ यांनी सुरू व्हावा. रेघ विसरल्यास 'प्रश्नपत्रिका-जुन्या' हा शेजारचा फोल्डरही आतलाच समजला जाईल. यांत न बसणारी मागणी सरळ नाकारावी. खासगी कागदपत्रे तर संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेरच ठेवावीत.

मित्रहो, आपण कोठे उभे आहोत, कोठे जायचे आहे आणि खरोखर कोठे पोहोचलो, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी स्क्रिप्टला विचारा. पहिल्या दोहोंनी आपले काम सुटेल. तिसऱ्याने ज्यांनी विश्वासाने आपले कागद आपल्याकडे दिले त्यांचे रक्षण होईल.