तोफ वर चढली कशी?

दिवाळी आली की भोर-वेल्ह्यातल्या अंगणांत माती, दगड आणि गोणपाटाचे राजगड-तोरणे उभे राहतात. त्यांवर अळीव उगवतो, बुरुजांवर चित्रं बसतात आणि तटावर चाकांची तोफ येते. हीच मुलं मोठी झाली की त्यातली काही प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून महायुद्धातल्या तोफा आणि लष्करी गाड्या जोडू लागतात. दोघांनाही मला एकच सावधगिरीची गोष्ट सांगायची आहे. ओढून न्यायच्या तोफेची प्रतिकृती नळीपासून सुरू करू नका. तिला ओढतं कोण, कोणत्या वाटेने, आणि प्रतिकृतीतल्या क्षणी ती चालते आहे की मारा करते आहे, हे आधी ठरवा. ते ठरलं नाही तर नळी कितीही रेखीव होऊ द्या, काम खोटंच दिसतं.

पहिला घोटाळा प्रमाणाचा. बाजारातला पाच सेंटिमीटरचा मावळा खऱ्या माणसाच्या सुमारे ३५ पट लहान असतो. राजगड पायथ्यापासून ६०० मीटरहून अधिक उंच आहे. म्हणजे त्या मावळ्याच्या मापाने राजगड करायचा तर तो १७ मीटरच्या वर जाईल, पाच मजली इमारतीएवढा. उलट अंगणातला किल्ला मीटरभर उंच धरला तर दोन मीटरची तोफ त्यावर तांदळाच्या दाण्याच्या निम्मी व्हायला हवी. या आकड्यांपुढे एकच वाट उरते: तोफ दाखवायची असेल तर अख्खा गड सोडून एक बुरूज किंवा चढणीचा एक तुकडा घ्यावा. संजीवनी माचीचा एखादा दुहेरी तटाचा बुरूज १/३५ मापात नीट केला, तर तो अख्ख्या राजगडापेक्षा जास्त काही सांगेल.

दुसरा घोटाळा चाकांचा, आणि तो मला अधिक खटकतो. वेल्ह्याकडून तोरण्याच्या बिनी दरवाजाकडे जाणारी वाट शेवटच्या टप्प्यात कातळातून चढते. चाकांचा गाडा बैल जुंपून तिथून वर जाईल, असं ती वाट चाललेला कोणी म्हणणार नाही. भोरच्या शेजारच्या पुरंदरचं उदाहरण नोंदलेलं आहे. १६६५ च्या वेढ्यात मुघल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांनी पुरंदरला लागूनच असलेल्या वज्रगडासमोरच्या चढावर मोठ्या तोफा नेल्या. अब्दुल्लाखान नावाची तोफ चढवायला तीन दिवस लागले, फत्तेलष्करला साडेतीन. एका तोफेमागे तीन दिवसांची माणसांची ताकद! प्रतिकृती त्या ओढण्याची करा. दोर, ओंडके, चाकाखाली सरकवलेले दगड, उताराला टेकलेली माणसं, हे सगळं त्यात येऊ द्या. डोंगरी मुलखाचा हा प्रश्न पुढच्या काळातही सुटला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात वापरलेली ३.७ इंची पहाडी हॉवित्झर सुटी करून आठ खेचरांवर लादली जाई.

महायुद्धातल्या तोफा करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. ८७.६ मिलिमीटर व्यासाची २५ पाउंडर प्रवासात असते तेव्हा तिच्या आणि ओढणाऱ्या गाडीच्या मध्ये दारूगोळ्याची दोनचाकी गाडी जोडलेली असते, आणि गोल पोलादी पाट तोफेच्या शेपटीखाली टांगलेला असतो. मारा करताना तोच पाट जमिनीवर येतो आणि चाकं त्यावर चढतात. मागे गाडी जोडलेली आणि खाली पाट पसरलेला, अशी प्रतिकृती कितीही सुबक रंगवली तरी एकमेकांत न बसणारे दोन क्षण तिच्यात चिकटवलेले राहतात. १९९९ च्या कारगिल युद्धात गाजलेली १५५ मिलिमीटरची बोफोर्स मोटारीमागून ओढली जाते, शिवाय थोडं अंतर स्वतःच्या इंजिनावर सरकते. तिचे पाय मिटलेले दाखवायचे की पसरलेले, हे पहिला भाग चिकटवण्याआधीच ठरलं पाहिजे.

यावर म्हणतील, लहान मुलांच्या खेळात एवढी मोजमापं कशाला? पोरांचा आनंद कमी व्हावा असं मला मुळीच वाटत नाही. पण दहा वर्षांच्या मुलाला भागाकार येतो, आणि ‘ही तोफ वर कशी आणली असेल?’ हा प्रश्न त्याला चाकांच्या आयत्या तोफेपेक्षा जास्त वेळ गुंतवून ठेवतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे. हल्ली कित्येक गडांवर तोफा चाकांच्या सागवानी गाड्यांवर ठेवलेल्या दिसतात, मग आम्ही तशा केल्या तर बिघडलं कुठे? ते गाडे दुर्गसंवर्धन करणाऱ्यांनी अलीकडे बसवलेले आहेत. मातीत गंजणारी नळी वाचावी, हा त्यामागचा हेतू, आणि काम आदराचं. ते सतराव्या शतकातल्या गाड्याचा पुरावा मात्र ठरत नाहीत. तसा गाडा करायचा असेल तर पाटीवर आजचं साल लिहा. जुना काळ दाखवायचा आणि गाड्याचं रूप ठाऊक नसेल, तर नळी सरळ दगडी चौथऱ्यावर ठेवा. तर्काने केलेला भाग कोणता, हे पाटीवर सांगायला संकोच नको.

साहित्य महाग असतं, ही सबब मला पटत नाही. पुठ्ठा, बांबूच्या काड्या, सुती दोरा आणि बॉलपेनची रिकामी नळी एवढ्यात चढणीचा प्रसंग उभा राहतो. खर्च पाहण्यावर करावा. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन खऱ्या गाड्यांची चाकं, साखळ्या, मागचे आकडे जवळून बघावेत आणि वहीत उतरवावेत. तोरण्याला जाल तेव्हा बिनी दरवाजाच्या खालच्या चढावर थांबून वाटेची रुंदी टेपने मोजा, आणि यंदाच्या दिवाळीत तेवढाच चढ करा.