लांताऊचा बुद्ध: दुपारवर ठेवू नका

हाँगकाँगला निघालेल्या ओळखीच्या प्रत्येकाला मी हल्ली एकच गोष्ट बजावते. लांताऊ बेटावरच्या बुद्धाला सकाळी जा, आणि केबल कारच्या भरवशावर राहू नका.

आमच्या टूरवाल्याने सकाळ खरेदीत घालवली आणि बुद्ध दुपारवर ढकलला. माझी आई नागपूरची. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी तिने कधी चुकवली नाही. या मूर्तीपुढे बसून त्रिशरण-पंचशील म्हणायचं, एवढ्यासाठी ती सत्तरी ओलांडल्यावर विमानात बसली होती. तुंग चुंग स्टेशनबाहेर केबल कारची रांग नागमोडी वळत गेलेली. आमचा नंबर जवळ आला तेवढ्यात आभाळ भरून आलं, विजा चमकायला लागल्या आणि केबल कार बंद झाली. ते योग्यच होतं. पावणेसहा किलोमीटरच्या दोरावर, डोंगर-समुद्राच्या वर कोणी वीज अंगावर घेणार नाही. पण टूरवाला म्हणाला, "पैसे परत मिळतील, बुद्ध पुढच्या वेळी." ज्या बाईला पुढची वेळ नाही, तिला असं सांगावं? माझा संताप अजून गेलेला नाही.

शेजारीच बसथांबा आहे. 23 नंबरची बस पाऊण तासात, शेक पिक धरणावरून वळणं घेत थेट न्गाँग पिंगला, म्हणजे बुद्धाच्या पायथ्याशी जाते. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटी त्याच बसने वर पोहोचलो तर धुकं, आणि साडेपाचला पायऱ्या बंद होतात. 268 पायऱ्या आहेत. आई मधल्या एका टप्प्यापर्यंत गेली, कठडा धरून उभी राहिली आणि तिथूनच हात जोडले.

म्हणून सांगते. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर बस हाच मुख्य बेत धरा. केबल कार चालू असली तर आनंदच. तीही देखभालीसाठी अधूनमधून बंद असते, तेव्हा आदल्या रात्री तारीख तपासा. रविवार टाळा. मार्च-एप्रिलमध्ये तिथे धुकं फार, उन्हाळ्यात वादळं; ऑक्टोबर ते डिसेंबर आकाश मोकळं असतं. पायऱ्यांना तिकीट नाही, त्यामुळे घाई कसली? प्रत्येक टप्प्यावर बसा. वर गेलात की गुडघे टेकून बसलेल्या सहा देवमूर्तींजवळ थांबा. फूल, धूप, दिवा, लेप, फळ आणि संगीत अशी अर्पणं त्यांच्या हातांत आहेत. लोक 34 मीटरच्या बुद्धाचे फोटो काढतात आणि या देवमूर्तींकडे पाठ फिरवतात. बुद्धाचा उजवा हात अभयमुद्रेत उचललेला आहे, तो अगदी पायथ्याशी उभं राहून बघा.

मूर्ती 1993 ची, पण समोरचा पो लिन मठ 1906 पासूनचा. तिथे शाकाहारी जेवण मिळतं. आपल्या माणसांना परदेशात निर्धास्तपणे जेवता येईल अशी ती जागा, दुपारचं जेवण तिथेच करा. ताय ओ गावातली खांबांवरची घरं बघायची असतील तर न्गाँग पिंगहून 21 नंबरची बस आहे. पण वडीलधारं माणूस दमलं असेल तर ते गाव खुशाल सोडा. लांताऊच्या निळ्या टॅक्सी थोड्याच असतात, संध्याकाळी हाताला लागत नाहीत. तेव्हा वर पाय ठेवल्याबरोबर परतीच्या बसचं वेळापत्रक मोबाइलमध्ये टिपून घ्या, मग पायऱ्यांकडे वळा.