शिळाछाप, वनस्पतिचित्रे आणि चित्रकाराचे नाव

जुन्या ग्रंथांतील वनस्पतिचित्रे आज दिवाणखान्याच्या भिंतींवर शोभेसाठी लावलेली दिसतात. मुळात ती ओळख पटविण्यासाठी काढली गेली. वाळविलेल्या नमुन्याचा रंग उडतो, आकार चपटा होतो. म्हणून दूरच्या अभ्यासकाला वनस्पती कळावी यासाठी चित्राचा आधार घ्यावा लागे. अशा चित्रात एकाच पानावर फांदी, पाने व फूल असते आणि तळाशी फुलाचे छेद, फळ व बी स्वतंत्रपणे दाखविलेले असते. या चित्रांच्या इतिहासात विज्ञान व कला यांच्याबरोबर श्रमाचाही इतिहास आहे, आणि तो इतिहास वाचणे आपल्या विद्यार्थ्यांना विशेष अगत्याचे आहे.

तांब्याचा पत्रा आणि दगड

आपल्याच परिसरातील एक उदाहरण घेऊ. १८०५ साली मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून. हे काम तांबट कारागिराच्या हातचे होते. कोरीव पत्र्याची रीत सुबक, परंतु अतिशय वेळखाऊ व खर्चिक.

याच्या थोडे आधी, १७९६ ते १७९८ या काळात, जर्मनीतील म्युनिक येथे आलोइस झेनेफेल्डर याने शिळाछापाची रीत शोधून काढली. तिचे तत्त्व साधे आहे: तेल व पाणी एकजीव होत नाहीत. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर स्निग्ध शाईने किंवा खडूने उलटे चित्र काढायचे. त्यावर डिंक व सौम्य आम्ल यांचे मिश्रण लावायचे. मग दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरविला, की ओला भाग शाई झिडकारतो आणि स्निग्ध रेषा ती धरून ठेवते. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र उमटते. येथे कोरणे नाही. चित्रकाराच्या हाताचा हलका-जड दाब जसाच्या तसा कागदावर येतो. पाकळीची मृदू छटा दाखविण्यास ही रीत फार सोयीची ठरली. रंग पुढे हाताने भरीत, किंवा प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरीत.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी हे तंत्र आत्मसात करून १८३१ साली मराठी पंचांग शिळाछापावर छापले. ते भंडारी समाजातील होते. छापण्याच्या शाईत चरबी असते म्हणून छापील कागदास न शिवणारे सोवळे लोक त्या काळी होते. माणसाला अस्पृश्य ठरविणाऱ्या समाजाने काही काळ पुस्तकालाही अस्पृश्य ठरविले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दोन चित्रकार

मद्रासमध्ये रॉबर्ट विट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३८ ते १८५३ या काळात दोन हजारांहून अधिक शिळाछाप चित्रे प्रसिद्ध केली. त्यांचे मूळ चित्रकार रुंगिया व गोविंदू हे भारतीय होते. विटने त्यांची नावे नोंदविली. इतकेच नव्हे, तर ऑर्किडच्या एका प्रजातीला गोविंदूचे नाव दिले.

पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत याच सुमारास अलेक्झांडर गिब्सन हे अधीक्षक होते. त्यांनी १८४७ ते १८५० दरम्यान एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून शेदीडशेहून अधिक चित्रे काढून घेतली. ती त्या वेळी छापली गेली नाहीत. एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहातील ही चित्रे २००२ साली ग्रंथरूपाने वाचकांसमोर आली. चित्रे आली, चित्रकाराचे नाव मात्र आले नाही. ते कोणी नोंदविलेच नव्हते.

दोघांचे कौशल्य सारखेच मोलाचे. एकाचे काम दगडावर चढले व नावासह जगभर गेले. दुसऱ्याचे काम दीड शतक कपाटात राहिले. ज्ञान छापले गेले तर ते अनेकांचे होते. न छापलेले ज्ञान ज्याच्या हाती कुलूप, त्याचे राहते.

आपल्यासाठी बोध

कासच्या पठारावरील वायतुरा या वनस्पतीच्या शास्त्रीय नावात सातारा आहे. ते नाव १९८२ साली दिले गेले. गुराख्यांनी आणि रानात राबणाऱ्या बायाबापड्यांनी त्यापूर्वी किती पिढ्या ती पाहिली असेल! ज्योतिराव फुले यांचे घराणे याच जिल्ह्यातील कटगुणचे. फुलांच्या व्यवसायावरून त्या घराण्याला आडनाव मिळाले. वनस्पतींचे ज्ञान प्रथम कष्टकऱ्यांच्या हातात असते, याची ते आडनाव साक्ष देते.

साताऱ्याच्या शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा या मुलाचे नाव नोंदले गेले. तो मुलगा पुढे बाबासाहेब झाला. नाव नोंदले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगावे लागू नये.

स्वाध्याय

१. शिळाछापात चित्र उलटे का काढावे लागते?
२. भिंगातून एखादे जुने छापील चित्र पाहा. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट दिसते का? दिसल्यास ते कोरीव पत्र्यावरून छापलेले असण्याचा संभव अधिक.
३. कास किंवा सागरेश्वर येथील सहलीत एका वनस्पतीचे, ती न तोडता, चित्र काढा. खाली वनस्पतीचे गावातील नाव, ते सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि स्वतःचे नाव लिहा. तिन्ही नावे लिहिल्याशिवाय चित्र पूर्ण समजू नये.