हळदीचं पॉलिश, आवाजाची कमाई

आखाडा बाळापूर,
चैत्र

चि. ताईस,


तुझं पत्र आणि भाषांतराचे कागद मिळाले. हळदीच्या माहितीपत्रकात तू ‘हळकुंडांचे परिष्करण’ लिहिलं आहेस, चांदीच्या दुकानाच्या जाहिरातीत ‘चकाकीकरण’ आणि गायिकेवरच्या लेखात ‘चमकदार आवाज’. मूळ इंग्रजीत तिन्ही ठिकाणी पॉलिश हा एकच शब्द आहे, आणि सगळीकडे चालेल असा मराठी शब्द तू मागतेस. तसा शब्द शोधू नकोस. आपल्या भाषेनं हा अर्थ ज्या त्या कामात वाटून टाकला आहे. वस्तूवरून काही काढलं, वर काही चढवलं, की ती नुसतीच घासली, एवढं आधी विचार. बरेचदा तिथंच शब्द सापडतो.

हळदीपासून सुरुवात करतो, कारण सध्या आपल्या शिवारात तिचंच काम चाललं आहे. काढलेल्या हळदीतली लांबट कांडी आणि गोल गट्टू वेगळे करतात, कुकरच्या वाफेवर शिजवतात आणि दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात. वाळलेलं हळकुंड मातकट, खवल्यांचं, मुळ्यांच्या तुसांनी भरलेलं असतं. ते ड्रममध्ये घालून फिरवलं की हळकुंडं एकमेकांवर आणि ड्रमच्या खरबरीत पत्र्यावर घासली जातात. साल, खवले, मुळ्या भुसा होऊन खाली पडतात. वजनात घट येते, पण आतला पिवळा रंग उघडा पडतो आणि मोंढ्यात त्याच मालाला चार पैसे जास्त मिळतात. या कामाला इथला शेतकरी, हमाल, अडत्या, सगळे पॉलिशच म्हणतात. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचंही पॉलिशच होतं. म्हणून पत्रकात ‘पॉलिश केलेली हळद’ असंच लिही. जो शब्द रोज ओठांवर आहे, तो परका समजून त्याच्या जागी कुणी न बोलणारा संस्कृत शब्द बसवला, तर ज्याच्यासाठी पत्रक काढलं तोच ते बाजूला ठेवील.

याच पत्रकात एक जागा मात्र फार जपून कर. शेवटच्या फेऱ्यांना हळदीचंच पाणी शिंपडून रंग एकसारखा करण्याची जुनी रीत आहे. पण काही ठिकाणी त्याच वेळी भलतीच पिवळी पूड आत जाते. बांगलादेशातल्या पॉलिशच्या गिरण्यांत हळद उजळ दिसावी म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग, घालत असल्याचं स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं. तिथल्या सरकारनं मग छापे घातले, दंड केले, लोकांना सावध केलं, आणि पुढच्या दोन वर्षांत तिथल्या बाजारात तसली हळद सापडेनाशी झाली. शिसं लहान मुलांच्या मेंदूला कायमचं बाधतं. आता बघ, इंग्रजीत दोन्ही गोष्टी पॉलिशच्या पोटात खपून जातात, मराठीत खपू देऊ नयेत. साल काढली तर ‘पॉलिश केलं’, वरून रंग लावला तर ‘रंग चढवला’. वाचणाऱ्या आईला तो फरक कळलाच पाहिजे.

तांदळाचंही असंच आहे. त्याचा कोंडा काढण्याला आपल्याकडे सडणं म्हणतात. ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरनं जावा बेटावर पाहिलं की सडून पांढराशुभ्र केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. बेरीबेरी या रोगाचा उलगडा तिथून सुरू झाला आणि १९२९ साली त्याला नोबेल मिळालं. तुझ्या आहाराच्या लेखात ‘शुद्ध तांदूळ’ आलं आहे, ते खोडून ‘सडीक तांदूळ’ कर. शुद्ध म्हटलं की तो चांगला ठरतो, आणि लेखकाला नेमकं उलट सांगायचं आहे.

धातूंचे शब्द भराभर सांगतो. काळवंडलेल्या चांदीला उजाळा देतात. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करतात, पण ती कथलाची असते आणि वरून चढते. पॉलिश म्हणून ती चालणार नाही. सोन्याचा मुलामा तसाच. घासूनपुसून आलेली गुळगुळीत लकाकी म्हणजे जिल्हई. तिचंच झिलई झालं, आणि मौर्यकाळातल्या दगडी खांबांबद्दल लिहिताना तोच शब्द शोभतो. हत्यारं घासून लखलखीत करणारा तो शिकलगार. नांदेडला त्यांची वस्ती आहे, येताना वाट वाकडी करून त्यांचं काम पाहून घे.

माणसाकडे आलं की चमक, चकाकी हे शब्द एकदम उथळ होतात. मुलाला वळण लागतं, गुणांना पैलू पडतात, बोलण्यात सफाई येते, लेखावरून शेवटचा हात फिरतो. आवाज तर कमावलेला असतो. कातडं कमावतात, शरीर कमावतात, तसा गळाही वर्षानुवर्षं राबवून कमवावा लागतो. त्या गायिकेची वीस वर्षांची तालीम ‘चमकदार’मध्ये कुठं दिसते? आपल्याच जिल्ह्यातल्या नरसीच्या संत नामदेवांची गोष्ट तुला ठाऊक आहे. कुंभार असलेल्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटी मारून पाहिली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. मग पक्कं होण्यासाठी ते औंढ्याला गुरू विसोबा खेचरांकडे गेले. संतांच्या या परंपरेनं माणसाच्या घडण्याला पक्केपणा म्हटलं, तकाकी म्हटलं नाही. मला ते फार मोलाचं वाटतं.

कोश जवळ ठेव. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून निघाला. दोन्ही उघड, पण एका शब्दापुढे पाच पर्याय दिसले म्हणून त्यातला भारदस्त तेवढा उचलू नकोस. त्या कामातल्या माणसाला फोन करून विचार, तू याला काय म्हणतोस. एका फोनचं काम आहे, आणि ते टाळून केलेलं भाषांतर मला तरी अर्धवट वाटतं.

राहिला हॉटेलचा उतारा. तिथल्या नोकरांचं वागणं तू ‘परिष्कृत’ केलं आहेस. ‘अदबशीर’ कर. त्याच्या खालच्या ओळीत फरशीला ‘पॉलिश’ राहू दे, गवंडीही तेच म्हणतो. गायिकेच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद पुन्हा लिहून पाठव, त्याआधी छापायला देऊ नकोस.

तुझा,
मामा