दोन मापांचा मेळ

दुकानातील काट्यावर पाच किलो भरलेली ज्वारी घरच्या काट्यावर पावणेपाच किलोच भरली, तर ग्राहक दुकानदाराला दोष देतो. वास्तविक चूक घरच्या काट्याचीही असू शकते. प्रमाणित वजन ठेवून पाहिले की हा वाद मिटतो. परंतु ज्या राशीचे खरे मान कोणालाच ठाऊक नाही, ती मोजणाऱ्या दोन साधनांत फरक पडला तर काय करावे?

वैद्यकशास्त्रात ही अडचण नित्याची आहे. रक्तदाब थेट मोजायचा झाल्यास धमनीत नळी घालावी लागते. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत ते शक्य नसते. म्हणून दंडाला पट्टा बांधून तो अप्रत्यक्षपणे मोजतात. एखादे नवे, स्वस्त किंवा हाताळण्यास सोपे उपकरण आले की त्याची तुलना जुन्या उपकरणाशी केली जाते, आणि जुने उपकरणही निर्दोष असतेच असे नाही. त्यामुळे येथे ‘खरे कोणते?’ हा प्रश्न बाजूला राहतो. जुन्याच्या जागी नवे वापरले तर रुग्णाचे नुकसान होणार नाही ना, एवढेच पाहायचे असते.

अशी तुलना करताना संशोधक दीर्घकाळ सहसंबंध गुणांकाचा आधार घेत. दोन उपकरणांच्या मापांतील हा गुणांक १ च्या जवळ आला की दोघांचा मेळ आहे, असे मानले जाई. हा युक्तिवाद सरळ वाटतो, पण तो फसवा आहे. एखादा काटा प्रत्येक वजन नेमके दुप्पट दाखवत असेल, तरी अचूक काट्याशी त्याचा सहसंबंध पूर्ण १ येईल. दोन्ही आकडे एका सरळ रेषेत वाढतात, इतकेच सहसंबंध सांगतो. ते एकसारखे आहेत, असे तो सांगत नाही. शिवाय मोजलेल्या व्यक्तींमध्ये जितकी विविधता अधिक, तितका गुणांकही वाढतो. तान्ह्या बाळापासून पैलवानापर्यंत सर्वांना तोलले, तर सुमार काटेही परस्परांशी उत्तम जुळल्यासारखे दिसतात. काटे सुधारलेले नसतात. माणसे तेवढी बदललेली असतात.

मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी ही चूक १९८३ मध्ये एका लेखातून दाखवून दिली. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी तोच विचार डॉक्टरांसाठी सोप्या रीतीने मांडला. उदाहरण होते श्वासाच्या मापनाचे. जोराने फुंकर मारताना हवेचा सर्वाधिक वेग मिनिटाला किती लिटर असतो, हे दम्याच्या रुग्णांमध्ये पाहतात. त्यासाठी राइट यांच्या नावाचे मोठे मापक होते आणि त्याचीच लहान, सुटसुटीत आवृत्तीही होती. १७ व्यक्तींचा श्वास दोन्हींवर मोजण्यात आला. या व्यक्ती म्हणजे ब्लँड यांचे सहकारी आणि कुटुंबीय होते, हे लेखकांनी प्रांजळपणे नोंदवले आहे.

सहसंबंध गुणांक आला ०.९४. जुन्या पद्धतीने पाहणारा येथेच समाधानाने थांबला असता.

ब्लँड आणि ऑल्टमन यांनी मात्र साधी वजाबाकी केली. प्रत्येक व्यक्तीच्या मोठ्या मापकावरील आकड्यातून लहान मापकावरील आकडा वजा केला. या १७ फरकांची सरासरी उणे २.१ लिटर होती. ती नगण्यच म्हणायची. पण सरासरीही फसवू शकते, कारण अधिक आणि उणे फरक परस्परांना खोडून टाकतात. एका व्यक्तीचा आकडा मोठ्या मापकावर १७८, तर लहान मापकावर २५९ होता. दुसऱ्या एकीचे आकडे अनुक्रमे ४२३ आणि ३५० होते. पहिल्या व्यक्तीला दमा असता आणि हाती फक्त लहान मापक असते, तर तिचा श्वास आहे त्याहून बराच बरा समजला गेला असता. यातील काही तफावत प्रत्येक फुंकर सारखी नसल्यामुळेही पडते, हे खरे. तथापि रुग्णाच्या हाती येतो तो एकच आकडा.

म्हणून फरकांचा पसारा मोजणे आवश्यक ठरते. येथे फरकांचे प्रमाण विचलन ३८.८ होते. सरासरीच्या दोन्ही बाजूंना त्याची दुप्पट, म्हणजे ७७.६, घेतली की उणे ७९.७ आणि अधिक ७५.५ या सीमा मिळतात. त्यांना ‘मेळाच्या सीमा’ म्हणता येईल. फरकांची विभागणी प्रसामान्य असेल, तर सुमारे ९५ टक्के फरक या दोन सीमांच्या आत पडतात. हेच आलेखावरही मांडता येते. आडव्या अक्षावर दोन मापांची सरासरी आणि उभ्या अक्षावर त्यांचा फरक घेतात. खरे मान अज्ञात असल्याने दोन्ही मापांची सरासरी हाच त्याचा उपलब्ध असलेला चांगला अंदाज असतो. माप वाढत जाते तसा फरकही वाढतो काय, हे अशा आलेखात चटकन दिसते.

एवढी तफावत चालेल काय, याचे उत्तर मात्र कोणत्याही सूत्रात नाही. ते रोग जाणणाऱ्याने द्यायचे असते, आणि तेही शक्यतो मोजणी करण्यापूर्वीच ठरवायचे असते. आकडे हाती आल्यावर मर्यादा सैल करण्याचा मोह कोणालाही होतो. प्रस्तुत उदाहरणात दोन्ही बाजूंना ७५-८० लिटरांची तफावत उपचारांच्या दृष्टीने स्वीकारता येणार नाही, असा निष्कर्ष लेखकांनी काढला. गुणांक ०.९४ असूनही लहान मापक मोठ्याची जागा घेण्यास अपुरे ठरले.

सरावासाठी

चार पोत्यांचे वजन ‘क’ काट्यावर २०, ३५, ५० आणि ६५ किलो भरले. तीच पोती ‘ख’ काट्यावर अनुक्रमे २२, ३७, ५२ आणि ६७, तर ‘ग’ काट्यावर २३, ३२, ५४ आणि ६१ किलो भरली. ‘क’मधून ‘ख’ आणि ‘क’मधून ‘ग’ असे फरक काढा व प्रत्येकाची सरासरी लिहा. सरासरी फरक कोणत्या काट्याचा कमी आहे? आणि एका साध्या दुरुस्तीने कोणता काटा वापरण्याजोगा होईल? उत्तर कारणासह लिहा.